गॅलरीतला सिग्नल

"आमच्या घरात इंटरनेट येणार नाही म्हणजे नाही!" बाबुराव गजभिये कर्वेनगरच्या सोसायटीच्या सभेत टेबलावर हात आपटून बोलले होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हट्टी माणूस, शब्द मागे घेणार कसा? पुढे लेकीने ऑस्ट्रेलियाहून लॅपटॉप पाठवला, पडद्यावर नातू आयुषला बघायचं तर इंटरनेट हवं, आणि बाबुरावांची पंचाईत झाली. वरच्या मजल्यावरच्या निकिताच्या वायफायला पासवर्ड नव्हता. बाबुराव गुपचूप तेच वापरू लागले. सिग्नल फक्त गॅलरीत मिळायचा, म्हणून रोज सकाळी तिथे बसून "आयुष, ए आयुष" असं ओरडणं चालायचं.

एका रविवारी निकितानेच त्यांना वर बोलावलं. "काका, कोणीतरी माझं वायफाय चोरतंय. तुम्ही टेलिफोन खात्यातले. पासवर्ड लावून द्याल?"

नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? बाबुरावांनी पासवर्ड लावला. मनात म्हणाले, असू दे, आपल्याला तर माहीत आहे!

"छान," निकिताने चहाचा कप पुढे सरकवला. "आता पासवर्ड फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक. यापुढे कोणी घुसलं, तर चोर शोधत बसायला नको."

बाबुरावांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. घाईघाईने ते दारापर्यंत पोचले.

"आणि काका," मागून आवाज आला, "गॅलरीतलं सगळं माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं हं. आयुषला आता पत्र घालत जा."