फेब्रुवारीची अकरा पानं

"पेन इकडे दे." व्हर्नाने हात पुढे केला. "तीन महिने झाले येतेस, अजून विसरतेस. जुन्या कागदांपाशी फक्त पेन्सिल."

पान्हियाने जीभ चावून पेन दिलं, पेन्सिल घेतली आणि पुन्हा वहीवर ओणवी झाली. "व्हर्ना, या ना जरा इकडे. मला सापडलंय!"

व्हर्ना जागची हलली नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत ती एकोणतीस वर्षं टेबलामागे बसत आली होती. मागेल त्याला खोकं आणून द्यायचं, परत घेताना कागद तपासायचे, आणि त्यांचा अर्थ कुणाला सांगायचा नाही. अर्थ लावणं वाचणाऱ्याचं काम. नियम विद्यापीठाचाच, पण तिच्याइतका कडक तो कुणी पाळला नसेल. प्राध्यापक वैतागायचे, "अहो, ही सही कोणाची एवढं तरी सांगा!" त्यावर ही म्हणायची, "तेच शोधायला आलात ना?" आणि चष्मा पुसत बसायची.

अमेरिकेत मिनेसोटातलं आमचं हे विद्यापीठ तसं लहान. पण शेवटच्या वर्षी प्रत्येक पोराने स्वतःचं काहीतरी शोधून काढायचं आणि भरल्या खोलीत उभं राहून प्रश्नांना तोंड द्यायचं, यात सूट नाही. पान्हिया व्हँगने विषय घेतला होता वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या वह्यांचा. मुख्य स्वयंपाकीण आर्डिस टोलेफसन रोज काय शिजवलं, किती उरलं, ते लिहून ठेवायची. एक दिवस, एक पान.

"सदुसष्टचा फेब्रुवारी," पान्हिया उतावीळपणे म्हणाली. "सात तारखेपासून सतरापर्यंत अकरा पानं कोरी. नुसत्या तारखा. आणि विद्यार्थ्यांच्या त्या वेळच्या वर्तमानपत्रात काय आहे माहितीये? नवा मॅनेजर आला, बायकांचे तास वाढवले, स्वयंपाकघरात कुरबूर! पण जेवणं रोज झाली, तेही छापलंय. म्हणजे बघा, रांधलं सगळं, पण लिहायला नकार दिला. मुका संप!"

व्हर्ना चष्मा पुसू लागली.

"माझी आई टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात आहे. बावीस वर्षं कापतेय. कधी चकार शब्द काढला नाही तिने. कुणी एकीने तरी काढला असेल असं मला वाटायचंच." पान्हियाचे डोळे चमकत होते. "तुम्ही इथल्याच ना? या आर्डिसला ओळखत होता?"

"माझं काम खोकी द्यायचं, पोरी," व्हर्ना म्हणाली.

आर्डिस टोलेफसन तिची आई. लग्नानंतर व्हर्ना लिंडक्विस्ट झाली, आणि माहेरचं आडनाव विचारायचं कुणाला कधी सुचलं नाही.

सदुसष्टच्या त्या फेब्रुवारीत व्हर्ना नऊ वर्षांची होती आणि तिचा भाऊ डेल पाच. शनिवारी त्याला ताप भरला, सोमवारी रात्री तो गेला. डॉक्टर मेंदूज्वर म्हणाले. आई अकरा दिवस चुलीशेजारच्या खुर्चीत बसून होती. बाराव्या दिवशी तिने एप्रन चढवला आणि कामाला गेली. त्यानंतर त्या घरात डेलचं नाव निघालं नाही. जुनं वसतिगृह पाडलं तेव्हा या वह्या ग्रंथालयात आल्या. व्हर्नानेच त्यांना नंबर घातले, चिठ्ठ्या चिकटवल्या. फेब्रुवारीची पानं मात्र तिने कधी उलटली नाहीत.

तिने सांगायला हवं होतं, पण ती गप्प राहिली. गप्प राहणं तिला आईकडूनच आलं होतं. तिकडे पान्हियाचे मार्गदर्शक डॉक्टर प्रीस येईल त्याला सांगत सुटले, "असं बारीक वाचन विशीतल्या मुलीचं मी वीस वर्षांत पाहिलं नाही." पोरीला सर्वोच्च श्रेणी मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. व्हर्नाची आईही नायिका होणार होती. यात कुणाचं काय बिघडत होतं? डेलचं बिघडत होतं. त्याच्यासाठी जगात तेवढी अकरा पानं होती, आणि त्यांवर आता संप लिहिला जाणार होता.

रविवारी व्हर्नाने कपाटाचा खण उघडला आणि डेलच्या अंत्यविधीचा चर्चने छापलेला कागद काढला. वर त्याचं नाव, दोन तारखा, आईवडिलांची नावं. सोमवारी तिने बाहेरच्या माणसासारखा देणगीचा अर्ज भरला. देणारीचं नाव, व्हर्ना टोलेफसन लिंडक्विस्ट. कागदाला नंबर दिला, तो स्वयंपाकघराच्या खोक्यात ठेवला आणि मंगळवारी ते खोकं पान्हियासमोर नेऊन ठेवलं.

पान्हियाने कागद वाचला, मग अर्ज वाचला, मग मान वर केली.

"तुमचा भाऊ?"

"हो."

"आणि तीन महिने मला बडबडू दिलंत?"

"चुकलंच माझं."

"दोन आठवडे राहिलेत, व्हर्ना! अख्खं प्रकरण गेलं माझं. सरांना काय सांगू मी?"

"ते मी नाही सांगू शकत. कागद तुझ्यासमोर आहे."

"खोकी द्यायचं काम तुमचं, नाही का!" पान्हिया तरातरा निघून गेली. तिचं पेन टेबलावरच राहिलं. चार दिवस ती फिरकली नाही. पाचव्या दिवशी आली, सगळ्या वह्या मागून घेतल्या आणि बंद होईपर्यंत बसली.

सादरीकरणाच्या दिवशी खोली भरली होती. मागे कॉफीची किटली आणि लिंबाच्या वड्या होत्या. व्हर्ना शेवटच्या रांगेत बसली.

"मी हा संप समजले होते," पान्हिया म्हणाली. "तो नव्हता. आर्डिस कामावर नव्हती. तिचा मुलगा गेला होता. मला संप हवा होता, म्हणून मला तो दिसला. पण त्या अकरा पानांवर तारखा आहेत, आणि त्या आर्डिसच्या हातच्या नाहीत. मी सगळ्या वह्यांतलं अक्षर जुळवून पाहिलं. ते इंगा मो हिचं आहे, भाज्या चिरणाऱ्या बाईचं; इतर पानांवर भाज्यांच्या हिशेबाखाली तिची सही आहे. इंगाला लिहिता येत होतं. जेवणही रोज होत होतं. तिने रोज वही उघडली, तारीख घातली आणि पान सोडून दिलं. मला वाटतं, ती आर्डिसची जागा राखत होती."

"पुरावा?" डॉक्टर प्रीसनी विचारलं.

"याहून जास्त नाही, सर. म्हणून मी इथेच थांबते."

तिला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. परीक्षकांच्या मते निष्कर्ष अर्धवट होता.

व्हर्ना मात्र बराच वेळ खुर्चीतून उठली नाही. इंगा तिला आठवत होती. बटाट्याचं भांडं घेऊन रोज संध्याकाळी मागच्या दाराशी यायची. आई दार उघडत नसे. इंगा भांडं पायरीवर ठेवून परत जायची. आणि ती रोज वहीही उघडत होती, हे सत्तावन्न वर्षांत व्हर्नाला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पान्हिया आपलं पेन न्यायला आली. व्हर्ना टेबलामागे नव्हती. वाचकांच्या नोंदवहीत तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं, हात धुतले होते आणि ती वाचकांच्या बाजूला खुर्चीत बसली होती.

"स्वयंपाकघर, तिसरं खोकं," ती म्हणाली. "आणून देशील?"

पान्हियाने खोकं आणलं, तिच्यापुढे ठेवलं आणि हात पुढे केला. "पेन?"

व्हर्नाने स्वेटरच्या खिशातलं स्वतःचं पेन काढून तिला दिलं. मग तिने फेब्रुवारी उघडला. सातवं पान. आठवं. ती एकेक पान सावकाश उलटत गेली, आणि प्रत्येक तारखेपाशी थांबली. पान्हिया टेबलामागे जाऊन बसली.