निम्मी चकती

लेकीने दांड्याच्या टोकावर इवल्या हातोडीने टिचकी दिली, संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"परत तेच. हा सूर या दांड्यात शिरूच शकत नाही असं माझं गणित सांगतं. आणि हा बघा, टेकाडासारखा उभा."

दांडा म्हणजे एकाआड एक चिकटवलेल्या पोलादाच्या आणि प्लॅस्टिकच्या चाळीस चकत्या. सगळ्या बापाने घरच्या लेथवर कातलेल्या. उभ्या नोकरीत केसाचाही फरक पडू दिला नाही, हे तो येताजाता ऐकवत असे. उद्या सकाळी लेकीला प्रबंधाचं शेवटचं प्रकरण सरांपुढे ठेवायचं होतं. तिने गणिताच्या पानावर काट मारायला पेन उचललं.

म्हातारा बाप खुर्चीत चुळबुळला.

"गणित बरोबर असेल तुझं."

"मग काय, दांड्यात भूत आहे?"

"भूत नाही. मी आहे." त्याची नजर फरशीवर होती. "टोकाची चकती कातताना हात थरथरला. कड उडाली. पोलादही संपलेलं. मग घासून साफ केली. जाडीला निम्मीच उरली. म्हटलं, चिकटवल्यावर कोणाला कळतंय."

लेकीने टोकाच्या चकतीची जाडी मोजली. निम्मीच होती. मग टोकापासून एकेक चकती पुढे सरकत तिने प्रत्येकीवर तो सूर तपासला. दुसरीवर दणदणीत, पाचवीवर पुसट, दहावीवर काहीच नाही.

"नवी करून देतो. रागावू नकोस."

"दोन मिनिटं गप्प बसा हो, बाबा."

तिने गणितात शेवटची चकती निम्मी केली. कागदावरचा सूर पडद्यावरच्या सुराशी तंतोतंत जुळला.

"याला आत वाट नाही आणि बाहेरही सुटता येत नाही. तुमच्या निम्म्या चकतीपाशी ठाण मांडून बसलाय."

"म्हणजे बिघडलं?"

"बिघडलं कसलं? प्रकरण उभं राहिलं. आता असेच दांडे हवेत. टोकाला कुठे पाव चकती, कुठे पाऊण."

बापाने उजवा हात मांडीखाली सरकवला.

"किती दिवस थरथरतोय?" तिने विचारलं.

"झाले सहा महिने. आईला सांगू नकोस."

तिने फोन उचलला. सरांना आनंदाची बातमी जाणार म्हणून तो सावरून बसला.

"डॉक्टर उद्या सकाळी आहेत का? हो, वडिलांना दाखवायचंय. पहिलाच नंबर लावा."

"अगं, उद्या तुझं प्रकरण..."

"सर थांबतील," ती म्हणाली आणि त्याचा हात मांडीखालून ओढून काढला.