झोपलेलं रानडुक्कर

माझं दुकान तंबाखूच्या पिशव्यांचं. पिशवी कमरपट्ट्यावरून घसरू नये म्हणून दोरीच्या टोकाला ओवतात ती मुठीत मावणारी कोरीव नेत्सुके मी शेजारच्या मोरिहारूकडून घेते. ओसाकात त्याच्या नावाला मान आहे, स्वभावाला नाही. त्याची दृष्टी गेल्यापासून सगळं कोरते त्याची मुलगी शिनो, आणि तळाला नाव पडतं त्याचं. आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

शिनोनं एकदाच तोंड उघडलं. एका तरी नगावर माझं नाव घालू द्या, म्हणाली. म्हातारा हसला. माझ्या हाताला तुझं काम माझ्याहून वेगळं लागलं नाही तर खुशाल घाल, असा त्यानं शब्द दिला.

हिवाळाभर पोरगी एक झोपलेलं रानडुक्कर कोरत बसली. बाहीत अडकेल असा एकही कोपरा तिनं ठेवला नाही. दोरीच्या दोन भोकांपैकी एक मोठं, गाठ आत लपावी म्हणून, तेही थेट बापासारखं. मग साक्षीला तिनं मला बोलावलं. मोरिहारूनं डोळे असताना कोरलेली दोन जुनी डुकरं घेऊन मी तिन्हींचे तळ मेणानं बुजवले, नाव हाताला लागू नये म्हणून.

यातलं तुमचं काम कोणतं ते ओळखा, मी म्हटलं. म्हाताऱ्यानं तिन्ही चाचपली, गालाला लावली, भोकांत नख फिरवलं. मग शिनोचं उचललं.

"हे माझं. ती दोन हिची, नुसते धोंडे."

"बाबा, ते माझं आहे," शिनो म्हणाली.

मी उरलेल्या दोन्हींवरचं मेण खरवडून त्याचं नाव त्याच्याच अंगठ्याखाली दिलं. खोटं कशाला सांगू, मला भलताच आनंद झाला.

म्हाताऱ्यानं शिनोचं डुक्कर तिच्यापुढे धरलं. "मला फरक कळला नाही ना? मग हे माझंच. कोर माझं नाव."

"तुम्ही शब्द दिला होता, बाबा."

तिच्या नावानं मी विकत घेते, असं मी मध्येच म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"घे की. हिलाही घेऊन जा," तो म्हणाला. "हत्यारं तेवढी माझी आहेत, ती इथंच राहतील."

शिनोनं हत्यारांकडे पाहिलं. त्यातलं बारीक पातं उचललं आणि डुक्कर उलटं करून बापाचं नाव कोरलं. म्हाताऱ्यानं त्यावरून अंगठा फिरवला.

"नाव मात्र माझ्याहून सुबक घालतेस हो," तो म्हणाला. बापाच्या तोंडून तिला आजवर मिळालेलं कौतुक तेवढंच.