माझ्या अंगावरची चिकणमाती

मित्रांनो, त्या हितेशला आधी कुणीतरी वळण लावा. परवा आला, माझ्या तोंडावर पत्रा ठोकला, वर पाय देऊन उभा राहिला आणि गावाला सांगतो, "म्हातारी झाली विहीर. सडली. बुजवून टाकू." सडली म्हणे! मला अक्षर येत नाही, पण वास कळतो. तो कुठून येतो ते मला विचारा.

मी विठ्ठलवाडीच्या पलीकडची, भातखाचरांतली विहीर. खाचरं गेली, इमारती आल्या, मी आहे तिथेच आहे. हितेशच्या आजोबांनी, पंढरीशेठनी, मला खणलं. शेजारीच त्यांची वीटभट्टी होती. तिथल्याच चिकणमातीच्या विटा भाजून त्यांनी मला आतून बांधलं. साठ वर्षं झाली, एक वीट हललेली नाही. बढाई वाटत असेल तर वाकून बघा.

आमच्याकडे हळदीला नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत नेतात. हितेशच्या आजीने, ठमाबाईने, आपल्या चारही मुलींना माझ्याच पाण्याने न्हाऊ घातलं. पुढे नळ आला आणि मला कुणी विचारेना. मी रागावले नाही. नळ कोरडा पडला की यायचेच सगळे बादल्या घेऊन, मान खाली घालून.

भट्टीही बंद पडली, खड्डा तेवढा उरला. सात वर्षांपूर्वी हितेशने तो भाड्याने दिला. टेम्पो आले, निळे पिंप गाडले गेले, वर मुरूम पसरला. आत काय आहे, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. मग तीन वर्षांपूर्वी माझ्या पाण्याला रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागला.

अखेर बालवाडीच्या शीलाताईंनी तक्रार केली, म्हणून नौपाड्यातल्या एका ऑफिसातून प्राची आली. जमिनीखालून विष कसं सरकतं त्याचं गणित मांडणं, हे तिचं काम. कुठली माती किती जाड, पाणी कोणत्या बाजूला उतरतं, माती विष किती धरून ठेवते, एवढं लॅपटॉपात भरलं की कळतं, विष कधी कुठे पोचणार. पोर हुशार, पण उत्तर आलं भलतंच! म्हणे, खड्ड्यातलं विष माझ्यापर्यंत यायला सव्वीस वर्षं लागतील.

हितेशने टाळीच वाजवली. "बघा! मॅडमचा कॉम्प्युटरच बोलतो. माझा खड्डा क्लीन आहे, विहीरच खराब!" आणि मला बुजवायला डेब्रिजचा डंपर मागवला.

तेव्हा ठमाबाई काठी टेकत आली आणि पत्रा काढायला लावून माझ्या कठड्यावर बसली.

"अगो पोरी, खड्ड्याच्या बुडाला माती कनची धरलीस?"

"चिकणमाती, आजी. नकाशात बारा फूट आहे. तिच्यातून पाणी फार हळू जातं."

ठमाबाई इतकी हसली की काठी पडली. "ती बारा फूट आमीच काढली! खड्डा काय उंदराने केला? तुझी चिकणमाती ही बघ, हिच्या अंगावर हाय." आणि तिने माझ्या विटांवर थाप मारली.

नकाशा खोटा नव्हता, मित्रांनो. भट्टीच्या आधीचा होता. आपल्याकडे कुठे काय उकरलं नि कुठे काय गाडलं, ते म्हाताऱ्यांना विचारून ठेवत जा.

प्राचीचा चेहरा उतरला, पण पोर खरी. तिथेच बसून तिने चिकणमाती पुसली, तिच्या जागी खालचा मुरूम भरला आणि गणित पुन्हा चालवलं. आता माझ्यापर्यंत यायला चार वर्षं. म्हणजे विष येऊन तीन वर्षं झाली. वासाशी तंतोतंत जुळलं! मग तिने बोट पुढे सरकवलं. माझ्या पलीकडे बालवाडीची बोअरिंग. तिथे पोचायला आणखी दहा महिने.

त्या बालवाडीत हितेशची लेक सान्वी जाते. तिची पाण्याची बाटली तिथेच भरतात.

हितेश आजीजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "आजी, पिंप बाहेर काढले तर नाव जाईल ना आपलं. बालवाडीला टँकर लावू. विहीर बुजवली की विषय संपला."

ठमाबाईने तोंड फिरवलं. हितेश पत्रा पुन्हा बसवायला माझ्यावर वाकला. मग मात्र मी तळापासून घुमले.

"हितेश, नीट ऐक रे. मला बुजवलंस तरी विष चालतच राहणार, फक्त ते कुठवर आलं हे तुला दिसणार नाही. तो डंपर परत पाठव. तुझ्या आजोबांनी माती काढली, आता तू पिंप काढ, सगळ्या गावासमोर. नाव जातं तर जाऊ दे. सान्वीच्या हळदीला पाणी माझंच लागणार आहे. तोवर मी इथून हलत नाही!"