तिसऱ्या टप्प्यातला चढ

"अहो, पण गाडी हलणार कधी?"

"आधी इंजिन समजून घे. पाया कच्चा राहिला की पुढचं सगळं डळमळतं."

रिकाम्या मैदानात, बंद गाडीत स्टीअरिंग धरून बसण्याचा तिचा हा चौथा दिवस. शेजारी तिचा नवरा, म्हणजे सर. शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींना अभ्यासक्रम कसा रचायचा आणि त्यामागचा विचार काय, हे शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली. प्रत्येक गोष्टीला 'यामागचं उद्दिष्ट काय?' असं विचारायचे, म्हणून कॉलेजात त्यांचं नाव पडलं उद्दिष्ट सर. बायको बाजाराची पिशवी हातात देतानाच सांगून टाकायची, "उद्दिष्ट, पाव किलो मिरच्या."

महिन्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली. समोरचं दिसायचं, कडेचं पुसट होत चाललं होतं. घरी आल्यावर सरांनी गाडीची किल्ली खिळ्याला अडकवून टाकली. शेवटी साठीला टेकलेली बायकोच म्हणाली, "मग मला शिकवा." सरांची कळी खुलली. संध्याकाळपर्यंत त्यांनी टप्पे पाडूनही टाकले: सोप्याकडून अवघडाकडे, आधी ज्ञान, मग कौशल्य.

"सांग बघू, क्लचचं काम काय?"

"तुमचं डोकं फिरत असतं, तरी घर शांत असतं ना? मधे मी असते म्हणून. तेच."

सरांना हसू आवरेना. उत्तर तसं चूक नव्हतं. तेवढ्यात तिने किल्ली फिरवली.

"अगं, हे तिसऱ्या टप्प्यात आहे!"

गाडी गचके खात मैदानाबाहेर पडली, रस्त्याला लागली आणि पुढच्याच चढावर बंद पडली. मागे टेम्पो, त्याचा हॉर्न थांबेना. गाडी हळूहळू मागे सरकायला लागली. सरांनी हँडब्रेक खेचला.

तिच्या कपाळावर घाम फुटला होता. "आता सांगा. क्लच म्हणजे काय, ते आत्ता सांगा."

"हळूहळू सोड. इंजिनाचा आवाज जड झाला की पाय तिथेच धर. हं, आता ब्रेक सोडतो."

पुन्हा बंद पडली. टेम्पोवाल्याने कोपरापासून हात जोडले आणि वळसा घालून निघून गेला. मग मात्र गाडी चढली.

वर कडेला थांबल्यावर सरांना आपला वर्ग आठवला. विषय, समाज आणि शिकणारा, ही अभ्यासक्रमाची तिवई. एक पाय काढला की कोसळते, असं ते दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायचे. आणि इथे शिकणारीला त्यांनी काही विचारलंच नव्हतं.

"तुला जायचंय कुठे?" त्यांनी विचारलं.

"आता विचारताय होय!" ती हसली. मग म्हणाली, "धाकट्या बहिणीकडे. कंबरेचं हाड मोडल्यापासून पडून आहे बिचारी. दर रविवारी न्यायचात तुम्ही. आता फोनवर नुसती 'ताई, कधी येतेस' म्हणते."

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? गाडीचं नाव काढलं की तुमचं तोंड एवढंसं व्हायचं."

सरांनी खिडकीची काच खाली केली.

"वाटेत एक चढ आहे," ती म्हणाली, "एक अरुंद पूल आहे, आणि तिच्या दारात गाडी वळवायला जागा नाही. एवढं शिकवा. बाकीचं मला नको."

"चढ झाला," सर म्हणाले. "उद्या पूल."

पूल जमायला आठवडा लागला. तिथे एकदा गाडी तापली तेव्हा तिनेच बॉनेट उघडायला लावलं आणि विचारलं, "हे पाणी फिरतं कुठून हो?" सर भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, जीव ओतून इंजिन शिकवत राहिले. ती मन लावून ऐकत होती.

लायसन्स हातात आलं त्याच्या पुढच्या रविवारी बहिणीसाठी शिवलेली उशी काखेत घेऊन ती जिना उतरली. सर आधीच खाली गेले होते. रविवारच्या जुन्या सवयीने त्यांनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं होतं, आणि एक पाय आत टाकून ते तसेच थांबले होते.

ती पायरीवरच उभी राहिली.

सरांनी पाय बाहेर घेतला. खिशातून रुमाल काढून सीट झटकली, बाजूला झाले आणि दार धरून ठेवलं.

"बस," ते म्हणाले.