पिशवीतली शेवटची कुपी

मित्रांनो, मी एक जुनी कुपी आहे. माझे बूच निघालेले आहे आणि पोटात थेंबभरही औषध उरलेले नाही. तरी मला टाकाऊ म्हणून बाजूला सारू नका. आयुष्यातला बराच काळ मी काठोकाठ भरलेली होते, आणि तेव्हा माझा कुणाला काडीचाही उपयोग नव्हता.

माझा जन्म भट्टीत झाला नाही. मी राहते एका व्हिडिओ गेममध्ये. कुणा चित्रकाराने ठिपक्याला ठिपका जोडून मला घडवले. निमुळती मान, पोटात सोनेरी पाणी आणि डाव्या खांद्यावर प्रकाशाची एक बारीकशी तिरीप. पडद्यावर माझे चित्र नखाएवढे दिसते. ती तिरीप कुणाच्या नजरेस पडणार होती? तरीही त्याने ती मन लावून काढली. या गोष्टीचे मला आजही नवल वाटते. माझ्याखाली एक ओळ लिहिलेली होती : 'चौघांनाही नवे प्राण देते. साऱ्या राज्यात एकच.' ओळ माझ्याविषयी होती, पण ती खरी की खोटी हे मलाच ठाऊक नव्हते. बूच निघाल्याशिवाय मला ते कळणार तरी कसे?

मला शोधून काढले एका शाळकरी मुलीने. धबधब्यामागे एक गुहा होती आणि गुहेच्या टोकाला कोरी भिंत. तिथून कुणीही शहाणा माणूस मागे फिरला असता. ही पठ्ठी मात्र भिंतीचा एकेक दगड दाबत बसली.

"अगं, भिंत आहे ती," शेजारी बसलेले तिचे बाबा म्हणाले. "तिला काय पत्ता विचारतेस?"

तेवढ्यात दगड सरकला आणि मी दिसले. मग बाबांनी माझ्याखालची ओळ दोनदा वाचली आणि हळूच म्हणाले, "एकच आहे गं. ही जपायची."

माझे नशीब तिथेच ठरले.

मित्रांनो, तुम्ही पडद्याकडे बघता तेव्हा पडद्यातले आम्हीही तुमच्याकडे बघत असतो. मला खेळातल्या लढवय्यांच्या पिशवीत ठेवले होते. ती उघडली की मला त्या घरातली बाहेरची खोली दिसे. सोफ्याची एक बाजू बसून बसून खोलगट झाली होती. दाराजवळ इस्त्रीचे टेबल होते आणि तिथे उभी राहून मुलीची आई कपड्यांना इस्त्री करत असे. भिंतीला लागून काचेचे कपाट होते आणि त्यात निळ्या किनारीच्या कपबशा मांडलेल्या होत्या. त्या कपबशांविषयी मला आपुलकी वाटे. त्यांनाही कुणी कधी बाहेर काढत नसे. पाहुणे आले की काढू, असे बाबा म्हणत. आणि पाहुणे आले की रोजचेच कप पुढे येत.

बाबा एका रुग्णालयाच्या औषध-भांडारात स्टोअरकीपर होते. कुठले औषध कधी संपेल आणि कुठल्या वॉर्डला आधी लागेल, हे सारे त्यांच्या डोक्यात असे. भांडारातली ही सवय त्यांनी जशीच्या तशी खेळात आणली. आमच्या चमूत चौघे होते : सर्वांत पुढे ढालवाला, त्याच्यामागे तलवारवाली, मग मांत्रिक आणि सर्वांत शेवटी वैद्यीण. तलवारवाली आणि मांत्रिक लेकीच्या हातात. ढालवाला, वैद्यीण आणि पिशवी बाबांच्या हातात.

लेकीचा हात भलताच सढळ. पहिल्याच वटवाघळावर ती अग्निमंत्र सोडून मोकळी होई.

"अगं, वटवाघूळ आहे ते! काठीने हाणलं तरी मरेल," बाबा कळवळून म्हणत. "मंत्र काय फुकट आलाय?"

"मेलं ना पण?" लेकीचे उत्तर तयार असे.

खेळातले औषध कधी शिळे होत नाही. तरीही बाबा आधी सापडलेला औषधी पाला आधी वापरत आणि नवा मागे ठेवत. "इथेही जुना माल आधी काढायचा का?" असे म्हणत आई इस्त्री फिरवता फिरवता हसे. "घरी आले तरी स्टोअर काही सुटत नाही यांचं."

पण हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती, हे मी पिशवीत बसून पाहिले आहे. एकदा माळरानावर लांडग्यांच्या कळपाने आम्हांला घेरले. चोहीकडून गुरगुर सुरू झाली. लेक म्हणाली, संपलो आपण. बाबा म्हणाले, "मागे घे सगळ्यांना. त्या पडक्या झोपडीत." झोपडीला दार एकच, तेही अरुंद. त्या दारात बाबांनी ढालवाल्याला उभे केले, म्हणजे कळप केवढाही असो, एका वेळी एकच लांडगा पुढे येऊ शकत होता. ढालीच्या आडून तलवारवाली वार करी. मांत्रिक कोपऱ्यात स्वस्थ बसून शक्ती साठवत होता. पडद्यावरची ढालवाल्याच्या रक्ताची पट्टी निम्म्याखाली उतरली की मगच वैद्यीण त्याला पाला देई. आधी दिला तर वाया, उशीर झाला तर माणूस हातचा गेला. बाबांची नजर चौघांवरून अशी फिरत होती की कुणाचा श्वास कमी पडतोय हे त्यांना पडद्याआधी कळत असावे. आणि लेक! शेवटचा, सर्वांत दांडगा लांडगा दारात आला तेव्हा तिने कुणी न सांगता मांत्रिकाला उठवले आणि साठवलेला सगळा अग्नी त्याच्यावर ओतला. बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

मी थक्क झाले होते. चार जीव, मूठभर पाला, दोन माणसे, आणि त्यांच्यात एवढे सारे न बोलता चालते! माझ्या राज्यात सोन्याचे मनोरे आहेत आणि उडते डोंगरही आहेत. पण त्या खोलगट सोफ्यावर मी जे पाहिले, त्याने माझे डोळे दिपले.

माझ्या बाबतीत मात्र काही केल्या गाडी पुढे सरकेना. भांडारात बाबांचा एक कडक नियम होता : शेवटचा नग हलवायचा नाही. फार पूर्वी कधीतरी त्यांच्या खिडकीशी कुणी औषधासाठी धावत आले होते आणि फळी रिकामी होती. त्याविषयी ते अधिक बोलत नसत. तेव्हापासून एक राखीव पेटी कायम कुलपात असे. आणि इथे, पिशवीत, मी होते त्यांची राखीव पेटी.

मग राखेचा राजा आला. तो या खेळातला शेवटचा शत्रू. त्याच्या एका फुंकरीने जंगल करपून जाई. आमचे चौघे शर्थीने लढले, पाला संपला, मंत्रशक्ती संपली, आणि एकेक करून ते पडू लागले. प्रत्येक पाळीला बाबा पिशवी उघडत, वस्तू निवडणारा त्यांचा बाण माझ्यापाशी येऊन थांबे आणि मागे जाई. मी आतून ओरडत होते, पण कुपीला आवाज कुठला? शेवटी वैद्यीणही पडली आणि पडदा काळा झाला.

"बाबा!" लेकीचा आवाज चिरका झाला होता. "भरलेली कुपी पिशवीत ठेवून मेलो आपण!"

"अगं, पुढे लागली असती तर..."

"पुढे कुठे? तो शेवटचाच होता ना!"

तिने कंट्रोलर सोफ्यावर आदळला आणि आत निघून गेली. त्यानंतर तिच्या परीक्षा आल्या, अभ्यास वाढला, मैत्रिणी वाढल्या. आमचे खेळाचे यंत्र एका जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून माळ्यावर ठेवले गेले. तिथे किती काळ गेला ते मला सांगता येणार नाही, कारण अंधारात मोजायला काहीच नव्हते. महालाच्या अलीकडे जिथे खेळ जतन केला होता तिथेच तो थांबला होता, म्हणून मी भरलेलीच होते. खांद्यावरची तिरीपही तशीच होती. वापरले न जाणे म्हणजे काय, ते मला माळ्यावर कळले, मित्रांनो. त्यात दुखत काहीच नाही, आणि तेच फार वाईट असते.

एके दिवशी अभ्रा निघाला. समोर एक उंच मुलगी होती. तिने पिशवी उघडली, तिचा बाण थेट माझ्यावर आला, आणि मी तिला त्या बाणाच्या घाईवरून ओळखले. तीच ती, भिंतीला पत्ता विचारणारी! तिला दूरच्या गावी पूल बांधणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती आणि सोमवारी ती जाणार होती. बाबांचे केस पांढरे झाले होते.

यंत्राचीही दशा झाली होती. सुरू केले की ते घरघरत असे, तापत असे आणि मध्येच मान टाकत असे. दुरुस्तीवाल्याने ते उघडून पाहिले आणि पुन्हा मिटले. "सुटे भाग आता मिळत नाहीत," तो म्हणाला. "चालतंय तोवर चालवून घ्या." मग बाबांनी यंत्राखाली हवा खेळावी म्हणून दोन वाट्या पालथ्या घातल्या आणि टेबलफॅन त्याच्या तोंडासमोर लावला.

"जायच्या आधी त्या राजाला आडवा करायचाय, बाबा," लेक म्हणाली. "नाहीतर हे राहूनच जाईल."

रविवारी दुपारी दोघे सोफ्यावर बसले, ती खोलगट बाजूला आणि बाबा तिच्याशेजारी. आई इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून लेकीचे प्रवासाचे कपडे इस्त्री करत होती. पंखा भणभणत होता.

आणि काय सांगू तुम्हांला त्या दुपारची लढाई! इतकी वर्षे मध्ये गेली होती, तरी दोघांचे हात काही विसरले नव्हते. लेक आता वटवाघळांना काठीनेच हाणत होती. राजाच्या महालापर्यंत चौघे पोहोचले तेव्हा मंत्रशक्ती जवळजवळ अख्खी शिल्लक होती. राजाने फुंकर घालायला छाती भरली की बाबा ढालवाल्याला पुढे करत आणि बाकीचे तिघे त्याच्या सावलीत उभे राहत. फुंकर सरली की तलवारवाली बाहेर झेप घेई. राजाच्या मुकुटातून एकेक निखारा गळून पडू लागला. एवढा प्रचंड तो, आणि त्याला हे दोघे सोफ्यावर बसून, मांडीला मांडी लावून, मागे रेटत होते.

मग राजाने एक काळी वावटळ उठवली. तिने पिशवीतला सगळा पाला उडवून नेला. ढालवाला पडला. मांत्रिक पडला. तलवारवालीने ढालीवाचून एक वार केला आणि तीही कोसळली. उरली एकटी वैद्यीण, रक्ताची जेमतेम एक रेघ घेऊन. पिशवीत उरले मी.

आमच्या खेळात घाई नसते. तुमची पाळी आली की तुम्ही ठरवेपर्यंत शत्रू हात उगारून उभा राहतो. राजा उभा राहिला. बाबांनी पिशवी उघडली. बाण माझ्यापाशी आला आणि थांबला.

लेकीचे दोघेही लढवय्ये पडले होते. तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला. या वेळी ती ओरडली नाही. "ठेवायची असेल तर ठेव, बाबा," ती म्हणाली. "खरंच. चालेल मला."

बाबा पडद्याकडेच बघत होते. "ती पिशवीत आहे तोवर वाटतं गं, की अजून पुढे काहीतरी आहे," ते म्हणाले. "उघडली की संपलंच."

यंत्राची घरघर वाढली. पडदा एकदा लुकलुकला. माझा जीव टांगणीला लागला. आता यंत्राने मान टाकली असती, तर मी कायमची भरलेली राहिले असते.

आईने इस्त्री उभी करून ठेवली. या खेळात तिने कधी लक्ष घातले नव्हते. "अहो," ती म्हणाली, "तुमच्या स्टोअरमध्ये ती राखीव पेटी असते ना? पेशंट दारात आला तरी तिला कुलूपच ठेवता का?"

"छे! असं कसं?" बाबा म्हणाले. "तेव्हा पहिला मीच धावतो कुलूप काढायला."

"मग हे चौघं कोण आहेत?"

बाबांनी आईकडे पाहिले. मग लेकीकडे. मग त्यांनी बटण दाबले.

मित्रांनो, माझे बूच निघाले. मी एवढीशी, नखाएवढी. पण माझ्या पोटातून जो प्रकाश निघाला त्याने राजाचा अख्खा महाल भरून गेला. तो प्रकाश खोलीत गेला, सोफ्यावर पडला, काचेच्या कपाटावर चमकला आणि तिघांच्या तोंडांवर सोनेरी होऊन थांबला. ओळ खरी होती! एवढे सारे माझ्या आत होते आणि मी त्यावर नुसती बसून होते. ढालवाला उठला, मांत्रिक उठला, तलवारवालीने जमिनीवरची तलवार उचलली. लेक सोफ्यावर उभीच राहिली. पुढच्याच पाळीला राजाच्या मुकुटातला शेवटचा निखारा विझला.

मग एक माळ दिसला. चौघे शेकोटीभोवती बसले होते, त्यांचे सामान गवतावर पसरलेले होते आणि त्यात मीही होते, रिकामी. वरून हळूहळू नावे सरकू लागली. हा खेळ ज्यांनी घडवला त्यांची ती नावे होती. त्यात एक ओळ आली, 'वस्तूंची चित्रे', आणि पुढे एक नाव. माझा चित्रकार! आजवर पिशवीतून मला तो दिसणे शक्यच नव्हते. नाव वर सरकून गेले. पण तो होता, त्याला नाव होते, आणि त्या तिरिपीसाठी मी त्याला मनोमन नमस्कार केला.

मग बाबा उठले. त्यांनी काचेचे कपाट उघडले आणि निळ्या किनारीच्या तीन कपबशा बाहेर काढल्या.

"आता कुठले पाहुणे येणारेत?" आईने विचारले.

"कुणी नाही," बाबा म्हणाले. "आपण तिघं आहोत ना. धूळ बसलीये, तेवढ्या विसळून घेतो. चहा टाक तू."

लेक खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. चहा आला तेव्हा पडद्यावर शेकोटी अजून जळत होती. त्या कपांतून निघणारी वाफ मी गवतावरून पाहिली. थोड्या वेळाने यंत्राने एक लांब सुस्कारा टाकला आणि ते बंद पडले. ते पुन्हा कधी सुरू झाले नाही, पण त्याची आता गरजही उरली नव्हती.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हांला सगळेच सांगतात. मीही सांगते. त्यांना पुसा, नीट ठेवा, वाया घालवू नका. पण तुमच्याही कपाटात, पिशवीत किंवा मनात एखादी भरलेली कुपी असेल, तर तिच्याकडे अधूनमधून बघत जा. आणि दारात तुमचे माणूस उभे असेल, तर तिचे बूच काढा. रिकामी झाल्याचे तिला मुळीच वाईट वाटणार नाही. मला वाटले नाही.