कप आणि कोन

"जोडी मोडायची नाही, पोरी. बेअरिंगचा आतला कोन बदललास की त्याच्या बाहेरचा कपही बदलायचा. लग्न लावायचं तर दोघंही नवे हवेत! आणि निघालेले तुकडे मला आणून दाखवायचे. माझ्या हातचे असले तरी."

उस्तादांचे शब्द मनात घोळवतच तिने बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टचं पुढचं चाक ओढून काढलं. काल हेच चाक अडलं होतं. गाडी कलली आणि वरचं खोकं चालकमामांपासून हातभर अंतरावर कोसळलं.

"ताई, देव पाण्यात घालून बसलात का? दुपारी ट्रक लागतोय."

"काल देवच धावला, मामा. आज त्याला विश्रांती द्या. जरा कळ काढा."

तिने ग्रीस पुसलं. कोनाचे निमुळते रोलर जळून निळे पडले होते. कोनाच्या कडेवर उस्तादांची खूण होती, नवा भाग आला की ते आधीच पंचाने ठोकून ठेवत ते दोन ठिपके. चाकाच्या हबमध्ये बसलेल्या कपावर बोट फिरवलं, तर नख अडेल एवढी चरी. ठिपके नव्हतेच. कोन नवा घातला होता, कप जुनाच राहिला होता.

हबवर पिवळ्या रंगात मागच्या दुरुस्तीची तारीख होती. ती तारीख तिला आठवावी लागली नाही. त्या दिवशी लेकीचं ऑपरेशन होतं. उघडं चाक तसंच टाकून ती धावली होती.

"तू पोरीपाशी बस," उस्ताद फोनवर म्हणाले होते. "चाकाचं मी बघतो."

तिने कप काढायला पितळी दांडा डाव्या हाताने टेकवला, उजव्या हाताने हातोडा उचलला आणि थांबली. आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. उस्तादांचा डावा हात लुळा पडल्याचं साऱ्यांना त्या ऑपरेशननंतर महिन्याने कळलं होतं.

"कुणी केलं होतं हे?" मामांनी वाकून विचारलं.

"काम माझं होतं, मामा."

कप निघाला. नवी जोडी बसली. तिने नट आवळला, चाक फिरवलं, नट किंचित सैल सोडला, पुन्हा फिरवलं. चाक आवाज न करता फिरत राहिलं. मामा गाडीवर चढले तेव्हा तिने नकळत हात जोडले.

जुने तुकडे ती फडक्यात गुंडाळू लागली.

"भंगारात टाका की. ते ठिपके मलाही ओळखू येतात. म्हाताऱ्याला कशाला दुखवता?"

"शब्द दिलाय. आणि उस्ताद प्रत्येक तुकडा बोटाने चाचपून बघतात, मामा. नाही नेले तर जास्त दुखेल."

चार वाजता ती शाळेच्या फाटकाशी उभी होती. लेक उड्या मारत आली आणि पिशवी उचलून बघत म्हणाली, "केवढी जड! काय आहे गं?"

"तुझ्या ऑपरेशनच्या दिवशीचं आहे. उस्तादआजोबांना दाखवायचंय."

पिशवीचा एक बंद तिने लेकीच्या हातात दिला, दुसरा स्वतः धरला, आणि दोघी उस्तादांच्या घराकडे वळल्या.